पोटाचं ऑपरेशन आणि खुब्याचं ऑपरेशन: पलंगावरून उठायची रीत एक नाही

सांगली-मिरजेत घरोघरी जाऊन मी ऑपरेशननंतरचे व्यायाम करून घेते. एक सल्ला जवळजवळ प्रत्येक घरात कानावर येतो: "कुशीवर वळून उठायचं." सांगणारीचं बहुतेक सिझेरियन झालेलं असतं आणि तिच्यापुरतं ते अगदी बरोबर असतं. पण तोच सल्ला खुबा बदललेल्या सासूबाईंना दिला, की माझा जीव खालीवर होतो.

पोटाचं तुम्हाला ठाऊक आहेच. सिझेरियन असो की हर्निया, गुडघे मुडपायचे, खांदा आणि कंबर एकत्र वळवायची, पाय काठाखाली सोडायचे आणि हातांनी रेटा देऊन बसायचं. उताणं असताना थेट उठलं तर टाक्यांवर ताण येतो, तो यात वाचतो. खोकला आला तर पोटाशी उशी दाबून धरायची.

खुब्यात टाक्यांपेक्षा सांधा जपायचा असतो. नवा बॉल वाटीत बसलेला असतो, पण त्याला धरून ठेवणारे भोवतीचे स्नायू अजून भरून यायचे असतात. सांधा मागच्या बाजूने उघडून बसवला असेल, तर मांडी काटकोनापेक्षा जास्त पोटाकडे आणू नका, पायावर पाय टाकू नका, पाय आत फिरवू नका, असं सांगतात. आता चांगल्या पायाच्या कुशीवर वळून बघा. वरचा, म्हणजे ऑपरेशनचा पाय आपसूक पुढे मुडपतो, दुसऱ्या पायाला ओलांडतो, गुडघा गादीकडे झुकतो आणि मांडी आत फिरते. तिन्ही चुका एका दमात! पोटाचे टाके वाचवणारी हालचालच इथे सांधा निखळवू शकते.

म्हणून पाठीवरूनच उठायचं. कोपरांवर टेकून, मागे रेललेलं राहून, बूड थोडं थोडं काठाकडे सरकवायचं. पायांत अंतर ठेवून धड आणि पाय एकत्र फिरवायचे. शक्यतो ऑपरेशनच्या बाजूनेच उतरायचं, म्हणजे तो पाय बाहेरच्या अंगाला जातो. मग तो पाय पुढे ठेवून, गादीवर हात रेटून उभं राहायचं. वॉकरला लोंबकळून उठायचं नाही. झोपताना हेच सगळं उलट क्रमाने.

तासगावकडच्या एका आजींनी हे सगळं नीट शिकून घेतलं होतं. एका सकाळी गार लागलं म्हणून पलंगावर बसल्या बसल्या पायथ्याची वाकळ ओढायला त्या पुढे वाकल्या. मी समोरच होते म्हणून खांदा धरला. काटकोन असा नकळत मोडतो. तेव्हापासून मी वाकळ कमरेशीच ठेवायला लावते.

बाज आणि जमिनीवरची गादी खुब्याला नकोच. बसल्यावर गुडघे खुब्यापेक्षा खाली राहिले पाहिजेत. पलंग बुटका असेल तर सुताराकडून खाचेचे ठोकळे करून घ्या. सुट्या विटा सरकतात, त्या मला अजिबात चालत नाहीत.

सांधा पुढून बसवला असेल तर बंधनं वेगळी असतात. तेव्हा घरी सोडताना सर्जनना "मागून की पुढून, आणि किती आठवडे पाळायचं?" हे विचाराच.

आणि पेशंट पोटाचा असो वा खुब्याचा, प्रेमापोटी हात धरून ओढू नका. पाठीला आधार द्या, उठायचा वेग त्यांचा त्यांना ठरवू द्या. काठावर मिनिटभर बसवा, पावलं वरखाली करू द्या, चक्कर येत नाही ना ते विचारा, मगच उभं करा.