आईचा कॅन्सर आणि कागदांची पिशवी : कोणता अर्ज, कुठे, कधी

बायोप्सीचा रिपोर्ट आला की घरात पहिला प्रश्न असतो, "डॉक्टर कुठला गाठायचा?" पैशांचा विषय तिसऱ्या-चौथ्या दिवशी निघतो, तोही स्वयंपाकघरात, हळू आवाजात. माझ्या आईच्या वेळी तो निघाला तोवर आम्ही एका खाजगी हॉस्पिटलात डिपॉझिट भरून मोकळे झालो होतो. त्या पैशांसाठी मी नंतर बऱ्याच टेबलांवर जाऊन आलो. उत्तर सगळीकडे एकच मिळालं : आधी यायला हवं होतं. एकदा भरलेल्या बिलावर ना जनआरोग्य योजना चालते, ना मुख्यमंत्री निधी. म्हणून हे ॲडमिशनच्या आधी वाचलेलं बरं.

सुरुवात महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेपासून करा. २०१२ मध्ये 'राजीव गांधी जीवनदायी' नावाने सुरू झालेली हीच ती योजना, म्हणून गावाकडे अजून 'जीवनदायी'च म्हणतात. आता ती आयुष्मान भारतशी जोडलेली आहे आणि कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण मिळतं. पिवळं आणि केशरी कार्ड आधीपासून होतंच. जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने पांढरं कार्डही आत घेतलं. "आमचं पांढरं आहे, आम्हाला काही मिळत नाही" म्हणून परस्पर घरी जाणारे लोक मी पाहिलेत. तसं करू नका.

कॅन्सरची शस्त्रक्रिया, केमो, रेडिएशन हे तिन्ही योजनेत येतं, पण हॉस्पिटल अंगीकृत, म्हणजे योजनेत नोंदलेलं हवं, आणि तेही कॅन्सरच्या उपचारांसाठी. एखादं हॉस्पिटल हाडांच्या ऑपरेशनसाठी योजनेत असतं आणि केमोसाठी नसतं. म्हणून नुसतं "योजना आहे का?" विचारू नका, "रेडिएशन योजनेत करता का?" असं नेमकं विचारा. विचारायचं आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या प्रतिनिधीला. तो प्रत्येक अंगीकृत हॉस्पिटलात टेबल टाकून बसलेला असतो. फोनवरून विचारायचं तर १५५३८८.

आरोग्यमित्राकडे रुग्णाचं आधार, रेशनकार्ड आणि आजाराचे रिपोर्ट द्यायचे. तो नोंदणी करतो, हॉस्पिटल उपचाराचा प्लॅन ऑनलाइन पाठवतं आणि पूर्वमंजुरी आली की उपचार सुरू होतात. केमोला प्रत्येक सायकलची, म्हणजे औषधाच्या प्रत्येक फेरीची, मंजुरी वेगळी घ्यावी लागते. त्यामुळे ठरलेल्या दिवशी सकाळी पोचल्यावर अप्रूव्हल आलेलं नाही असंही होतं. आदल्या दिवशी दुपारी एक फोन करून ठेवला की आईला चार तास बाकावर बसावं लागत नाही.

दाखल झाल्यावरच्या तपासण्या, औषधं, रुग्णाचं जेवण, डिस्चार्जनंतर दहा दिवसांपर्यंतचा पाठपुरावा आणि घरी जायचं एसटी किंवा रेल्वेच्या दुसऱ्या वर्गाचं भाडं, हे सगळं पॅकेजमध्ये असतं. मंजूर उपचारासाठी कुणी वरून पैसे मागितले तर पावती मागा आणि १५५३८८ याच क्रमांकावर तक्रार नोंदवा. मात्र निदान होईपर्यंतचा ओपीडीचा खर्च, म्हणजे सोनोग्राफी, सीटी, बायोप्सी, बहुतेक वेळा खिशातूनच जातो. तेवढी तयारी ठेवा.

आता आमचं अडलं कुठे ते सांगतो. रेशनकार्डावर आईच्या नावापुढे 'बाई' आहे, आधारवर नाही. एवढ्या दोन अक्षरांपायी सहा दिवस गेले. शिवाय कार्ड गावाला, थोरल्या काकांच्या ट्रंकेत. तेव्हा आजच, हो आजच, तीन गोष्टी बघा : आईवडिलांचं नाव कुणाच्या कार्डावर आहे, कार्डाला बारा अंकी ऑनलाइन नंबर पडलाय का, आणि आधारवरचं नाव जुळतंय का. दुरुस्ती तहसीलच्या पुरवठा शाखेत होते. दवाखान्याचे कागद दाखवून सांगितलं तर तिथली माणसं मनावर घेतात, निदान आमच्याकडे घेतलं.

रुग्णाचं वय सत्तर किंवा त्याहून जास्त असेल तर आयुष्मान वय वंदना कार्ड काढा. ऑक्टोबर २०२४ पासून हे सुरू आहे, उत्पन्नाची अट नाही, आणि फक्त आधारवर निघतं. कुटुंबाला आधीच आयुष्मानचं संरक्षण असेल तर ज्येष्ठांसाठी हे वेगळे ५ लाख मिळतात. सीजीएचएस (केंद्र सरकारी कर्मचारी-पेन्शनरांची आरोग्य योजना) किंवा ईसीएचएस (माजी सैनिकांची) असणाऱ्यांना मात्र दोन्हींतलं एकच निवडावं लागतं. वय आधारवरचंच धरतात. शाळेचा दाखला नसलेल्या पिढीची जन्मतारीख आधारवर सर्रास १ जानेवारी असते आणि साल अंदाजाने टाकलेलं. ते एकदा तपासा.

योजनेत उपचार बसला नाही किंवा हॉस्पिटल योजनेत नसेल तर मुख्यमंत्री सहाय्यता निधी. हा पूर्ण खर्च देत नाही, हातभार लावतो. अर्जाला फी नाही, त्यामुळे मध्यस्थाला एक रुपयाही देऊ नका. अर्जाचा नमुना, हॉस्पिटलचं मूळ अंदाजपत्रक (खाजगी असेल तर जिल्हा शल्यचिकित्सकांच्या प्रमाणपत्रासह), तहसीलदाराचा चालू वर्षाचा १ लाख ६० हजारांच्या आतला उत्पन्नाचा दाखला, आधार, रेशनकार्ड, रिपोर्ट आणि रुग्ण दाखल असेल तर जिओ टॅग फोटो (म्हणजे ठिकाणाची नोंद असलेला फोटो), एवढं लागतं. रक्कम हॉस्पिटलच्या खात्यात जाते, तुमच्या नाही. म्हणून हॉस्पिटलची निधीकडे नोंद आहे का हे आधी विचारा.

उत्पन्नाचा दाखला सेतू किंवा महा ई-सेवा केंद्रातून काढा आणि निदान झाल्याच्या आठवड्यातच अर्ज टाका. पुढे लागेल तेव्हा बघू म्हणून हाच कागद मागे राहतो आणि नेमका हाच सगळीकडे मागतात.

धर्मादाय रुग्णालयातही तोच लागतो. ट्रस्टच्या मोठ्या हॉस्पिटलांना १० टक्के खाटा निर्धन आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी ठेवणं बंधनकारक आहे. वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत असेल तर उपचार मोफत, ३ लाख ६० हजारांपर्यंत सवलतीत. हे बिलिंगच्या खिडकीवर कुणी आपणहून सांगत नाही. समाजसेवा विभाग कुठे आहे ते विचारत जा आणि दाखल होतानाच अर्ज द्या. डिस्चार्जच्या दिवशी फाईल दाखवली की नुसते उसासे मिळतात.

परळला टाटा मेमोरियलमध्ये जाणार असाल तर नोंदणीच्या वेळीच जनरल की प्रायव्हेट हे विचारतात. घाबरून प्रायव्हेट सांगू नका. जनरलमध्ये दर बरेच कमी असतात. ट्रस्टांकडून मदत मिळवून द्यायला तिथेही समाजसेवा विभाग आहे. राहायचं काय, हा प्रश्नही तिथेच काढा. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा कित्येक वर्षं बाहेरगावच्या कॅन्सर रुग्णांना आसरा देतेय. हॉस्पिटलचं पत्र सोबत ठेवा.

प्रवासासाठी रेल्वेच्या ठरलेल्या नमुन्यातलं प्रमाणपत्र डॉक्टरांकडून भरून घ्या. स्लीपर आणि थर्ड एसीत रुग्णाचं तिकीट पूर्ण माफ, सोबतच्या एका माणसाला ७५ टक्के सवलत. तिकीट खिडकीवरच काढावं लागतं, मोबाईलवर ही सवलत मिळत नाही. एसटीतही कॅन्सर रुग्णांना सवलत आहे.

राहिली पिशवी. हॉस्पिटल बदलताना रिपोर्टसोबत बायोप्सीच्या स्लाइड (तपासणीच्या काचपट्ट्या) आणि ब्लॉक मागून घ्या. ब्लॉक म्हणजे मेणात बसवलेला गाठीचा तुकडा, काडेपेटीपेक्षाही लहान. तो नसला तर नव्या ठिकाणी पुन्हा सुई टोचायची वेळ येऊ शकते. आमचा ब्लॉक पहिल्या लॅबमध्येच राहिला होता, भाऊ रात्रीच्या गाडीने जाऊन घेऊन आला. तो डबीत ठेवा, उन्हात गाडीच्या डॅशबोर्डवर नको. बाकी कागदांच्या पाच-पाच झेरॉक्स काढा, आणि मूळ रेशनकार्ड दाखवून लगेच परत घ्या.