एकहाती वाद्यसंगीताचा अल्बम (प्रोग्रेसिव्ह रॉक)

प्रोग्रेसिव्ह रॉकमधील (रॉक संगीताची लांब, गुंतागुंतीच्या रचनांची शाखा), गायनाचा आधार न घेता केवळ वाद्यांवर उभा राहिलेला अल्बम. त्यातील जवळजवळ सगळी वाद्ये एकच कलावंत वाजवतो आणि एकेक वाद्य वेगळे मुद्रित करून थरावर थर चढवत ध्वनिमुद्रण पुरे करतो. पहिल्या कल्पनेपासून प्रकाशनापर्यंत कित्येक वर्षे जाणे हे अशा अल्बमांचे ठळक लक्षण आहे.

हा विलंब कामाच्या पद्धतीतूनच येतो. बँडमधील वादक एकत्र बसतात तेव्हा एकमेकांचे ऐकून लय आणि आवाजाची पातळी तिथल्या तिथे जुळवून घेतात. एकट्या वादकाला प्रत्येक थर वाजवताना पुढचे थर मनातच ऐकावे लागतात. शेवटी बासची ओळ बसवली की महिन्यांपूर्वी पसंत केलेली गिटार खटकू लागते आणि ती पुन्हा वाजवावी लागते. त्यातून प्रोग्रेसिव्ह रॉकची रचना लांबलचक. एकेक तुकडा वीस मिनिटांचा, मात्रा विषम, सूर मध्येच बदलणारे. शब्द नसल्यामुळे कडवे-धृपदाचा सांगाडाही मिळत नाही. कोणती स्वरावली कुठे परत आणायची आणि कोणत्या वाद्यावर, एवढ्यावरच श्रोत्याला धरून ठेवायचे असते. वाजवण्यापेक्षा या मांडणीलाच जास्त काळ लागतो.

एकट्याने अनेक वाद्ये मुद्रित करण्याची कल्पना रॉकपेक्षा जुनी आहे. जॅझ वादक सिडनी बेशे याने १९४१ मध्ये क्लॅरिनेट, सॅक्सोफोन, पियानो, बास आणि ड्रम्स असे सर्व काही स्वतः वाजवून तबकडीवर उतरवले. गिटारवादक लेस पॉलने पुढे हे तंत्र गिटारवर नेले. टेपवरचे ट्रॅक (एकेका थरासाठीच्या स्वतंत्र पट्ट्या) वाढत जाऊन सोळांवर पोहोचले तेव्हा दीर्घ रचनेची वाट खरी मोकळी झाली. अमेरिकन संगीतकार टेरी रायली याने १९६९ च्या ‘अ रेनबो इन कर्व्ह्ड एअर’मध्ये सगळी वाद्ये स्वतः वाजवली, त्याचा प्रभाव पुढच्या पिढीवर स्पष्ट दिसतो.

या प्रकाराला जगभर ओळख दिली ती माइक ओल्डफील्ड (जन्म १९५३) याच्या ‘ट्युब्युलर बेल्स’ने. गायक केविन एअर्सच्या बँडमध्ये बास वाजवणाऱ्या या तरुणाने, वयाची विशी गाठण्याआधीच, एअर्सकडून उसन्या मिळालेल्या टेप रेकॉर्डरवर उत्तर लंडनमधील राहत्या घरी कच्चे ध्वनिमुद्रण सुरू केले. यंत्रातील जुने मुद्रण पुसणारा भाग (इरेज हेड) त्याने झाकला, त्यामुळे जुना आवाज न पुसता त्यावर नवा चढवता आला. हे मुद्रण अनेक कंपन्यांनी नाकारले. अखेर ऑक्सफर्डशायरमधील ‘द मॅनर’ स्टुडिओत त्याला एक आठवडा मिळाला आणि १९७२ च्या अखेरीस तबकडीची पहिली बाजू तयार झाली. एका आठवड्यात एवढे काम कसे झाले याचे आश्चर्य वाटते, पण त्यामागे घरी मुरलेल्या सामग्रीचा मोठा वाटा होता. दुसरी बाजू पुढच्या वर्षी, स्टुडिओ रिकामा असेल त्या वेळात पुरी झाली. २५ मे १९७३ रोजी व्हर्जिन रेकॉर्ड्सने आपला पहिला अल्बम म्हणून तो बाजारात आणला.

सुरुवातीच्या पियानोचे आवर्तन १५ मात्रांचे आहे. सम अपेक्षेपेक्षा किंचित आधी येते आणि कान सतत जागा राहतो. त्याच वर्षाअखेरीस ‘द एक्सॉर्सिस्ट’ या चित्रपटात हा भाग वापरला गेला. १९७४ मध्ये अल्बम ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर पोहोचला तेव्हा त्याने खाली ढकलला तो ओल्डफील्डचाच पुढचा अल्बम. ‘एकहाती’ हे विशेषण मात्र थोडे सैल धरावे लागते. बासरी, ड्रम्स, डबल बास आणि काही मानवी आवाज इतरांचे होते. अल्बममध्ये वाद्यांची नावे पुकारणारा आवाज गायक व्हिव्हियन स्टॅनशॉलचा.

१९७९ मध्ये कॅसेटवर चार ट्रॅक घेणारे पोर्टास्टुडिओ यंत्र आले, १९८३ मध्ये इलेक्ट्रॉनिक वाद्ये आणि संगणक एकमेकांना जोडणारी मिडी ही प्रणाली आली आणि पुढे संगणकाने ट्रॅकची मर्यादाच काढून टाकली. साधने स्वस्त झाली तरी काम लवकर संपेनासे झाले. टेपवर जागा संपली की काही ट्रॅक एकत्र करून मूळ पुसावे लागत, म्हणजे निर्णय घ्यावाच लागे. संगणकावर प्रत्येक पर्याय जपून ठेवता येतो आणि निर्णय पुढे ढकलला जातो. अनेक अल्बम रखडतात ते इथेच.

ड्रम्स हा या प्रकारातील सर्वांत अवघड भाग. अनेक मायक्रोफोन आणि आवाज सहन करणारी खोली घरात नसते, म्हणून बहुतेक जण ड्रम्स संगणकावर रचतात. रचलेल्या ठोक्यांत वादकाच्या हाताचा कमी-जास्त जोर सहसा उतरत नाही आणि सुंदर गिटारखालची लय निर्जीव वाटते. अशा वेळी एखाद्या ड्रमरला बोलावणे रचनेच्या हिताचे ठरते, मग एकहातीपणाला थोडा छेद गेला तरी चालेल. मिश्रणाचेही (सगळे थर योग्य पातळीवर एकत्र आणण्याचे काम) तसेच. शेकडो वेळा ऐकलेल्या कानाला कोणते वाद्य मोठे आणि कोणते दबलेले हे कळेनासे होते. ‘ट्युब्युलर बेल्स’च्या वेळी टॉम न्यूमन आणि सायमन हेवर्थ हे दोन निर्माते ओल्डफील्डच्या सोबत होते, आज घरी काम करणारे बरेच कलावंत किमान शेवटचे मास्टरिंग (तयार मिश्रणावरचा अंतिम हात) तरी दुसऱ्याकडे सोपवतात.