एतेकाफ : एकाने बसावे, मोहल्ल्याने सुटावे

रमजानच्या विसाव्या रोजाला, सूर्य मावळायच्या आत, सोलापुरातल्या मशिदींत कुणी ना कुणी अंथरूण-पांघरूण घेऊन एतेकाफला, म्हणजे इबादतीसाठी मशिदीतच मुक्काम करायला, बसतो आणि ईदचा चाँद दिसेपर्यंत बाहेर पडत नाही. विजापूर वेशीतल्या मीना बाजारात झुंबड उडते तीही याच दिवसांत.

ही रीत इस्लामपूर्व काळातही होती. इस्लाम स्वीकारण्याआधी हजरत उमर या पैगंबरांच्या सहकाऱ्याने काबाच्या मशिदीत एक रात्र एतेकाफ करण्याचा नवस बोलला होता. पैगंबरांनी पुढे तो फेडायला सांगितला, अशी हदीस (पैगंबरांच्या उक्ती-कृतीची नोंद) आहे. स्वतः पैगंबर नबी होण्याआधी मक्केबाहेर हिरा गुहेत एकांतात बसत. मदिनेत मात्र त्यांनी एकांतासाठी मशीद निवडली, जिथे दिवसातून पाच वेळा माणसे जमतात. मला या परंपरेतला कळीचा बदल हाच वाटतो. सुरुवातीला ते रमजानचे मधले दहा दिवस बसत. मग शबे कद्रच्या, म्हणजे कुरआन उतरला त्या पुण्यरात्रीच्या, शोधात शेवटचे दहा ठरले. अखेरच्या रमजानात ते वीस दिवस बसले.

एका वर्षी पैगंबरांच्या पत्नी हजरत आयेशांनी परवानगी घेऊन मशिदीत तंबू ठोकला. ते कळताच दुसऱ्या पत्नी हजरत हफ्सांनी ठोकला, मग तिसऱ्या, हजरत जैनबांनी. सकाळी ते तंबू पाहून पैगंबरांनी विचारले, यामागे खरेच पुण्याची इच्छा आहे का? त्या रमजानात त्यांनी एतेकाफ सोडला आणि पुढच्या शव्वाल महिन्यात दहा दिवस भरून काढले. भक्तीतही चढाओढ शिरते, हे त्यांनी ओळखले असावे.

नियम कडक आहेत. शौच आणि वुजू (नमाजआधी हातपाय-तोंड धुणे) अशा गरजेपुरतेच बाहेर जायचे. आजाऱ्याला भेटायला किंवा जनाजाला (अंत्ययात्रेला)ही नाही. पतिपत्नी-संबंधांची मनाई थेट कुरआनात आहे (२:१८७). हनफी या सुन्नी धर्मशास्त्र-परंपरेच्या मतानुसार विनाकारण बाहेर पडले तर एतेकाफ तुटतो आणि रोजासह एका दिवसाची कजा (भरपाई) करावी लागते.

याच मतानुसार हा एतेकाफ सुन्नते किफाया आहे : मोहल्ल्यातला एक जण बसला की सगळे सुटले, कुणीच नाही बसला तर ठपका सगळ्यांवर. म्हणून विसावा रोजा जवळ आला की ‘यंदा कोण बसतंय?’ ही विचारणा सुरू होते.

हनफी स्त्रिया घरातल्या नमाजच्या जागी एतेकाफला बसतात. कोकणातल्या शाफई या दुसऱ्या सुन्नी परंपरेच्या मुसलमानांच्या मतात मात्र स्त्रीलाही मशीदच लागते.