अंदमानला तार मिळाली दीडशे वर्षांनी

१८७० साली ‘ग्रेट ईस्टर्न’ या अवाढव्य जहाजाने मुंबईपासून एडनपर्यंत समुद्रात तारायंत्राची केबल अंथरली. त्याच सुमारास मद्रासहून पेनांगमार्गे सिंगापूरलाही एक केबल गेली. नकाशात पाहिलं तर मद्रास आणि पेनांगच्या मध्ये अंदमान-निकोबारची माळ उभी दिसते. पण केबल पोर्ट ब्लेअरला उतरली नाही. कैद्यांच्या वसाहतीला तार हवी कशाला, असा हिशेब असावा.

२००२ मध्ये चेन्नई ते सिंगापूर अशी सुमारे ३,२०० किलोमीटरची फायबर केबल पडली. तीही, छोट्या स्टेशनावरून जलद गाडी निघून जावी तशी, न थांबता पुढे गेली. कारण साधं होतं. २०११ च्या जनगणनेत या साऱ्या बेटांची लोकसंख्या जेमतेम ३ लाख ८० हजार भरली. एवढ्या गिऱ्हाइकांसाठी कोणती कंपनी समुद्रात पैसा ओतणार?

तोवर सगळी भिस्त उपग्रहावर. तो सुमारे ३६,००० किलोमीटर उंच. बोललेलं वर जाऊन खाली यायचं आणि उत्तरही त्याच वाटेनं, यात अर्धा सेकंद सहज जातो. मग फोनवर दोघं एकदम बोलू लागतात, एकदम थांबतात, आणि ‘तुम्ही बोला, तुम्ही बोला’ सुरू होतं. शिवाय सगळ्या बेटांना मिळून मोजकीच क्षमता, त्यामुळे इंटरनेट रडतखडत आणि महाग.

अखेर पैसा आला तो सार्वत्रिक सेवा निधीतून. टेलिकॉम कंपन्या आपल्या महसुलातला ठरावीक वाटा या निधीत भरतात, म्हणजे फिरून फिरून तो तुमच्या-आमच्या रिचार्जमधूनच जातो. माझ्या मते हा त्याचा सर्वांत रास्त उपयोग. डिसेंबर २०१८ मध्ये पायाभरणी झाली, काम बीएसएनएलकडे गेलं, खर्च सुमारे १,२२४ कोटी रुपये. १० ऑगस्ट २०२० रोजी साधारण २,३०० किलोमीटरची केबल सुरू झाली. पोर्ट ब्लेअर (आताचं श्री विजयपुरम), स्वराज द्वीप, रंगत, लाँग आयलंड, लिटल अंदमान, कार निकोबार, कामोर्टा आणि ग्रेट निकोबार इथे ती पोहोचली.

खोल समुद्रात अशी केबल बागेतल्या पाण्याच्या नळीएवढीच जाड असते आणि आतल्या काचेच्या तंतूंची जाडी केसाएवढी. किनाऱ्याजवळ मात्र नांगर आणि मासेमारीची जाळी यांच्या भीतीने तिला पोलादी तारांचं चिलखत चढवतात.

लक्षद्वीपची पाळी नंतर आली. कोचीपासूनची १,८६८ किलोमीटरची केबल ३ जानेवारी २०२४ रोजी सुरू झाली, तीही याच निधीतून.