मिरगाची तारीख का सरकते

रोहिणी तापल्या की वऱ्हाडात वखरणी उरकते, बियाणं घरात येऊन पडतं आणि बोलणं मिरगावर येतं. मृग ७ जूनला लागतो हे जुन्या माणसांच्या तोंडी पक्कं बसलेलं आहे. हल्लीच्या पंचांगात मात्र बहुतेक वर्षी ८ तारीख दिसते. ही छपाईतली चूक नाही. या एका दिवसामागे जवळपास सत्तर वर्षांची चाल आहे.

आधी एक घोळ. मृग 'लागला' म्हणजे सूर्य त्या नक्षत्रात गेला. म्हणून जूनमध्ये मृगाचे तारे दिसतच नाहीत, ते सूर्याबरोबर उगवतात आणि मावळतात. हिवाळ्यात हरभऱ्याच्या जागलीला डोक्यावर जे तीन ताऱ्यांचं तिकांडं दिसतं, ते याच मृगातलं. पंचांगात रोजच्या रकान्यात छापलेलं नक्षत्र चंद्राचं असतं, ते साधारण दिवसाला एक बदलतं. सूर्य एका नक्षत्रात साडेतेरा दिवस राहतो. पावसाचा हिशेब सूर्याचा, पण नक्षत्राचं 'वाहन', म्हणजे ज्या प्राण्यावरून पावसाचा अंदाज बांधतात तो, काढताना चंद्रही लागतो. सूर्य नक्षत्र बदलतो त्या क्षणी सूर्यनक्षत्रापासून चंद्रनक्षत्रापर्यंत मोजायचं आणि ९ ने भागायचं. बाकी ३ उरली तर बेडूक, ८ उरली तर गाढव, काहीच उरली नाही तर हत्ती. या गणितात वारा नाही, ढग नाही, समुद्राचं तापमानही नाही. (भेंडवळची अक्षय तृतीयेची घटमांडणी ही वेगळी रीत, तिचा या भागाकाराशी संबंध नाही.)

ऋतूंचं वर्ष ३६५.२४२२ दिवसांचं, ताऱ्यांचं ३६५.२५६४ दिवसांचं. फरक वीस मिनिटांचा, पण सुमारे ७० वर्षांत तो एक दिवस होतो. दक्षिणायन पूर्वी आश्लेषाच्या मध्यावर सुरू होई, आता कर्कारंभी होतं, अशी नोंद सहाव्या शतकातल्या बृहत्संहितेत आहे. आज ते सूर्य आर्द्रात जातो त्याच सुमारास होतं. त्या काळचा मृग ऋतूच्या हिशेबात आजच्यापेक्षा सुमारे वीस दिवस आधी, म्हणजे मे महिन्यात पडत असे.

खरा वाद पेटला तो एकोणिसाव्या शतकात. तोवर महाराष्ट्रातली बहुतेक पंचांगं १५२० च्या सुमाराच्या ग्रहलाघव या ग्रंथावरून होत. ज्या-कोज्या (साइन-कोसाइन) टाळून साध्या गुणाकार-भागाकारावर ग्रह काढून देणारा तो ग्रंथ, पण साडेतीनशे वर्षांत त्याच्या आकड्यांत चूक साचत गेली. १८६५ च्या सुमारास प्रत्यक्ष आकाशाशी जुळणारं नवं पंचांग निघालं आणि मोजायला सुरुवात कुठून करायची हा प्रश्न उघडा पडला. जुन्या सिद्धांतात रेवतीचा तारा राशिचक्राच्या आरंभाशी आणि चित्रा त्याच्या बरोबर समोर १८० अंशांवर. आकाशात मात्र या दोन ताऱ्यांत १८४ अंशांचं अंतर भरतं. मग एकाला धरलं की दुसरा सुटतो. रेवती धरणाऱ्यांची संक्रांत १० जानेवारीला आली, चित्रा धरणाऱ्यांची १४ ला राहिली आणि काही वर्षी दोघांचा अधिक महिनाही वेगळा पडू लागला. विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबई, पुणे, सांगली इथे परिषदा झाल्या. रेवती पक्षाचं पंचांग आजही निघतं, पण लोकांची रूढी चित्रेच्या जवळची होती, म्हणून चित्रा पक्षच वरचढ ठरला.

शेतकऱ्याच्या दृष्टीने या चार अंशांची किंमत मोठी आहे. चार अंश म्हणजे सूर्याचे चार दिवस, आणि चार दिवसांत चंद्र साधारण चार नक्षत्रं पुढे जातो. म्हणजे एका पंचांगात ज्या नक्षत्राचं वाहन बेडूक, त्याचंच दुसऱ्यात गाढव होऊ शकतं. आकाश तेच आणि शेतही तेच.

स्वातंत्र्यानंतर, १९५२ मध्ये, केंद्राने दिनदर्शिका सुधारायला समिती नेमली. तिच्या शिफारशीवरून २२ मार्च १९५७ पासून राष्ट्रीय दिनदर्शिका ऋतूंना बांधली गेली. सणांचे महिने सरकू नयेत म्हणून अयनांश, म्हणजे ऋतूंचा आरंभबिंदू आणि ताऱ्यांचा आरंभबिंदू यांतलं अंतर, कायमचा २३ अंश १५ कला धरावा, असंही तिने सुचवलं. नक्षत्रांसाठी मात्र वाढता अयनांशच ठेवला. माझ्या मते घोटाळा इथेच झाला. महिन्यांना खुंटी मिळाली आणि पेरणी ज्यावर ठरते ती नक्षत्रं मोकळी राहिली. समितीत गणित जाणणारे होते, पण कोरडवाहू पऱ्हाटीवाल्याचा मिरग त्या चर्चेत कुठे दिसत नाही. पंचांगकर्त्यांनी तर स्थिर अयनांशही धरला नाही.

कृषी विद्यापीठं आता सांगतात, ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस पडल्याशिवाय पेरू नका. तरीही मिरग साधायचा म्हणून धूळपेरणी होते, पाऊस ओढ देतो आणि दुबार पेरणीला सावकाराचं दार गाठावं लागतं. ज्या तारखेसाठी हे होतं ती स्वतःच चालती आहे. आणखी हजारेक वर्षांनी मृग लागेल तो २२ जूनला, आज आर्द्रा लागतात त्या दिवशी.