बायकांना खाणीत बंदी? काका, ते जुनं झालं!

परवा कोथरूडला भाचीच्या मायनिंग इंजिनिअरिंगच्या ॲडमिशनचे पेढे वाटत होतो तर शेजारचे काका पेढा तोंडात ठेवूनच म्हणाले, "पण पोरींना खाणीत उतरायला कायद्यानंच बंदी आहे ना!" होती हो, १९५२ च्या खाण कायद्यात, कलम ४६. पण २०१९ ला केंद्राने सूट दिली, टेक्निकल-सुपरव्हिजनच्या कामाला बायका सकाळी ६ ते संध्याकाळी ७ खाली उतरू लागल्या, तेव्हा त्यांची लेखी संमती लागायची आणि शिफ्टला किमान तिघीजणी; २०२५ पासून तर तो जुना कायदाच गेला. २०२१ ला आकांक्षा कुमारी झारखंडच्या चुरी कोळसा खाणीत इंजिनिअर म्हणून रुजूसुद्धा झाली. आणि "झेपेल का" म्हणाल तर १९४३ ला युद्धात कोळसा कमी पडला तेव्हा इंग्रजांनी तेव्हाची बंदी उठवून बायकांना खाली पाठवलंच होतं की! काकांनी गुपचूप दुसरा पेढा उचलला.