खेचरांची वाट

पोटोमॅक नदीच्या काठानं वॉशिंग्टनच्या जॉर्जटाउनपासून मेरीलँडमधल्या कंबरलंडपर्यंत २९७ किलोमीटरची एक वाट जाते. ग्रेट फॉल्सपाशी नदी खडकांवर आदळत असते आणि आपण शेजारून आरामात चालत असतो, दम लागत नाही. कारण ही वाट मुळात हौशी भटक्यांसाठी नव्हतीच. शेजारच्या कालव्यातल्या नावा दोरानं ओढणाऱ्या खेचरांसाठी ती बांधली होती.

४ जुलै १८२८ रोजी राष्ट्राध्यक्ष जॉन क्विन्सी अ‍ॅडम्स यांच्या हस्ते चेसापीक अँड ओहायो कालव्याचं काम सुरू झालं. नेमक्या त्याच दिवशी बाल्टिमोरला रेल्वेचीही पायाभरणी झाली. रेल्वे कंबरलंडला १८४२ मध्ये पोचली, कालवा रखडत १८५० मध्ये. तोवर शर्यत संपली होती. ओहायो नदी गाठायचा बेत सोडून द्यावा लागला. ओहायो उरली ती फक्त नावात.

तरी कोळसा पुढची ७४ वर्षं याच पाण्यावरून जॉर्जटाउनला येत राहिला. सुमारे ६०५ फुटांचा चढ ७४ लॉकमध्ये वाटलेला. लॉक म्हणजे दोन्ही टोकांना दारं असलेला दगडी हौद. नाव त्यात शिरली की दारं लावायची, पाणी भरायचं किंवा सोडायचं, आणि नाव वर किंवा खाली. रात्री-अपरात्री नाववाल्यांची हाळी आली की लॉकवाल्यानं उठायचं. खेचरांच्या पाळ्या असत: काही ओढत, बाकीची नावेतल्याच तबेल्यात विसावा घेत. जुन्या लॉकच्या काठावरच्या दगडावरून हात फिरवला, तर दोर घासून पडलेल्या खाचा बोटांना लागतात, विहिरीच्या कठड्यावर पडतात तशाच.

१८८९ च्या महापुरानं कालवा कंपनी बुडाली आणि कारभार गेला तो त्याच प्रतिस्पर्धी रेल्वेच्या हातात. १९२४ च्या पुरानंतर नावा कायमच्या थांबल्या. १९३८ मध्ये सरकारनं २० लाख डॉलरला कालवा विकत घेतला. खालच्या टप्प्याची डागडुजी सरकारी रोजगार योजनेतल्या कृष्णवर्णीय तरुणांनी केली. त्यांचा उल्लेख सहसा एका ओळीत उरकला जातो (इथंही तेच झालं).

पुढे कालव्याच्या जागेवरून मोटाररस्ता काढायचं घाटत होतं. १९५४ च्या जानेवारीत ‘वॉशिंग्टन पोस्ट’नं अग्रलेखात त्याची बाजू घेतली. सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांनी संपादकांना उघड पत्र लिहिलं: माझ्याबरोबर ही वाट चालून बघा, मग ठरवा. मार्चमध्ये मंडळी कंबरलंडहून निघाली. आठ दिवस चालून अख्खं अंतर पायी कापलं फक्त नऊ जणांनी, त्यांत पंचावन्न वर्षांचे डग्लस होते. संपादकांच्या पायाला फोड आले, पण वृत्तपत्राचा सूर बदलला.

तरीही राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यानाचा दर्जा मिळायला १९७१ साल उजाडावं लागलं. आज जॉर्जटाउनकडच्या पहिल्या टप्प्यात चालणाऱ्यांची आणि सायकलींची एवढी वर्दळ असते, की घोड्यावरून जायचं असेल तर स्वेन्स लॉक ओलांडून वरच्या अंगाला जावं लागतं.